मूठ आणि हात : रंध्याच्या इतिहासातील एक पान

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की वाटेत वळसंग लागते. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्या अंगणांत गुण्यागोविंदाने नांदतात, त्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनागृहासाठी सहा बाके करून घ्यावयाची होती. त्या निमित्ताने तेथील एका सुतारमेटावर माझे जाणे-येणे सुरू झाले. मेटाचे धनी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिकत होता. आयटीआयमधून सुतारकामाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला हा मुलगा आमच्याच धर्मग्रामातला. उंच, हाडापेराने मजबूत, आणि हात तर असे की माझा तळहात त्याच्या तळहातावर ठेवला असता बोटांची दोन पेरे उघडी राहावीत.

एके दिवशी तो मला भेटावयास आला. पुण्याला एका इमारतीवर रखवालदाराची नोकरी मिळण्याजोगी होती. त्यासाठी त्याला माझे शिफारसपत्र हवे होते. सुतारकाम का सोडतोस, असे विचारताच त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील कातडी सोलवटली होती, करंगळीच्या बुडाशी जुना घट्टा फुटून नवा फोड आला होता. "लोखंडी रंधा मारला की असं होतं, फादर. शिकत होतो तेव्हा सर म्हणायचे, तू धसमुसळा आहेस, तुझ्या हातात नाजूक काम बसणार नाही."

मी त्याला काय सांगितले ते आज लिहिताना मला संकोच वाटतो. मी त्याला सहनशीलतेचा उपदेश केला. संत योसेफाचे उदाहरण दिले, सवयीने हात घट्ट होतील असे म्हणालो आणि पत्र पुढच्या आठवड्यात देतो, असे सांगून त्याला वाटेला लावले. पुढच्या खेपेस वळसंगला गेलो तेव्हा मोठ्या काळजीने ही हकीकत अण्णांच्या कानावर घातली. त्यांनी करवत खाली ठेवली आणि ते म्हणाले, "फादर, पोराचा हात मोठा नाही. मूठ लहान आहे."

या एका वाक्याने माझा उपदेश पोकळ ठरला. दोष माणसात शोधावा की हत्यारात, हा प्रश्नच मला सुचला नव्हता. त्या दिवसापासून रंध्याच्या मुठीचा इतिहास मिळेल तेथून वाचू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘रंधा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत त्याचे रूप ‘रंदा’ आहे आणि त्याच्या मुळाशी खरवडणे हा अर्थ आहे. वळसंगच्या कानडी बोलणाऱ्या घरांत याच हत्याराला ‘उज्जुगोरडू’ म्हणतात. त्यातील ‘उज्जु’ म्हणजे घासणे. एका भाषेने खरवडणे पाहिले, दुसरीने घासणे पाहिले. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये याचे नाव ‘रुन्सिना’ होते, आणि आपणां ख्रिस्ती वाचकांना कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे हा शब्द संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलमध्ये आला आहे. यशयाच्या ग्रंथाच्या ४४ व्या अध्यायातील १३ व्या वचनात लाकडातून मूर्ती घडविणारा सुतार आहे. त्याच्या हत्यारांत जेरोम यांनी हा रंधा घातला. इसवी सन ४२० मध्ये निवर्तलेल्या या पंडिताला आपल्या वाचकांना रंधा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही, इतका तो त्या काळी घरोघर ओळखीचा होता.

मात्र रंधा करवतीइतका किंवा वाकसाइतका जुना नाही. प्राचीन इजिप्तच्या सुतारांजवळ रंधा नव्हता. १९२२ साली तुतांखामेन राजाची कबर उघडली गेली, तेव्हा तिच्यातील आसने, पेट्या आणि पलंग पाहून जग थक्क झाले. ते सारे वाकसाने तासून आणि वालुकाश्माने घासून गुळगुळीत केलेले होते. रंधा स्पष्टपणे दिसू लागतो तो रोमन काळात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत रंधे सापडले आहेत. जर्मनीतील सालबुर्ग येथील रोमन तळावर आणि इंग्लंडमधील सिल्चेस्टर येथेही ते मिळाले. म्हणजे ज्या शतकात नाझरेथच्या सुताराचे घर होते, त्या शतकात रोमन जगात रंधा चालत होता.

या रोमन रंध्यांची घडण पाहिली की अण्णांचे वाक्य पुन्हा आठवते. लोखंडी तळ, वर लाकडी ठोकळा, मध्ये तिरके पाते आणि ते आवळून धरणारी पाचर, हा सांगाडा आजच्या सुतारालाही परका वाटणार नाही. हात घालण्यासाठी त्या लाकडी ठोकळ्यातच खाच कोरलेली असे. मूठ ही वेगळी वस्तू नव्हती, रंध्याच्या देहातच ती सामावलेली होती. लाकूड कोरणे हाच ज्याचा धंदा, त्याला ती खाच आपल्या बोटांच्या मापाने वाढवून घेणे कितीसे कठीण?

पुढची अनेक शतके हेच चालू राहिले. रंध्याचा देह लाकडाचा आणि तो वापरणाराही लाकूडकामातलाच, त्यामुळे हत्याराचे हाताशी जुळते हत्यारे करणाऱ्याच्या दुकानात नव्हे तर सुताराच्या मेटावर होई. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचे युद्धनौकेचे धूड १९८२ मध्ये समुद्रातून वर काढण्यात आले. त्या जहाजावरील सुतारांचे रंधेही समुद्रतळातून मिळाले आहेत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर याने १५१४ मध्ये कोरलेल्या ‘मेलंकोलिया’ या प्रसिद्ध चित्रात विचारमग्न देवदूतासारख्या आकृतीच्या पायाशी रंधा पडलेला आहे. १६७८ पासून लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने कारागिरांच्या विद्यांवर छोटी छोटी पुस्तके छापण्यास आरंभ केला. त्यात ओबड फळी सरळ करणारा, कडा जुळविणारा आणि शेवटचा गुळगुळीत हात फिरविणारा, असे रंध्यांचे प्रकार त्यांच्या कामांप्रमाणे वर्णिले आहेत.

याच सुमारास इंग्लंडमध्ये आणि तिच्या अमेरिकन वसाहतींत केवळ रंधे घडविणारे कारागीर पुढे आले. त्यांतील एकाची कथा हृदयाला भिडणारी आहे. मॅसॅच्युसेट्समधील रेन्थम येथे फ्रान्सिस निकल्सन हा नामांकित रंधेकार होता, आणि त्याच्या घरी सीझर चेलोर नावाचा आफ्रिकी गुलाम काम करीत असे. १७५३ मध्ये निकल्सन वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्राने चेलोरला स्वातंत्र्य मिळाले. पुढे त्याने स्वतःचे नाव कोरून रंधे विकले. आज संग्राहक ते मोठ्या मोलाने जपतात. ज्याच्या हातांवर कालपर्यंत दुसऱ्याची मालकी होती, त्याने आपले नाव हत्याराच्या कपाळी उमटवावे, यापेक्षा श्रमाच्या प्रतिष्ठेचे बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पूर्वेकडे जपानने निराळी वाट धरली. जपानी रंध्याला मूठच नाही. ओकच्या ठोकळ्यात पाते बसविलेले असते आणि कारागीर तो ठोकळाच दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढतो. ढकलायचे नाही, ओढायचे. अशा रंध्यापुढे लहान हात आणि मोठा हात असा भेद फारसा उरत नाही.

आपल्या दख्खनमध्ये सुतार हा बाराबलुतेदारांपैकी. नांगर, तिफण, कुळव, बैलगाडीची चाके, दाराच्या चौकटी आणि सोलापूरच्या विणकरांचे माग हे सारे त्याच्या हातचे. यातील पुष्कळसे काम वाकसाचे आणि पटाशीचे. रंधा येई तो शेवटी. अण्णांच्या मेटावर त्यांच्या वडिलांचा रंधा खुंटीला टांगलेला होता. बाभळीच्या एकाच तुकड्यातून काढलेला देह, मागे कोरलेली मूठ, आणि त्या मुठीवर तीन बोटांच्या खळग्या पडलेल्या. मी तो हातात घेतला तेव्हा माझी बोटे त्या खळग्यांत बसेनात. अण्णा हसून म्हणाले, "तो वडिलांच्या हाताचा आहे. माझ्यापण हाताला बसत नाही. म्हणून तर मी माझा वेगळा केला." मुलाने बापाचा रंधा वापरायचा नाही, आपल्या हाताचा करून घ्यायचा, हा या धंद्याचा न लिहिलेला नियम होता.

तो नियम मोडला लोखंडी रंध्याने. बॉस्टनच्या लेनर्ड बेली याने १८५८ पासून पुढच्या दशकभरात पाते खालीवर करण्याच्या चक्राचे व इतर सुधारणांचे एकस्व हक्क मिळविले. १८६९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅनले कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. पाचर ठोकून पाते बसविण्याची कटकट गेली. बोटाने चक्र फिरविताच कागदाइतका पातळ छिलका निघू लागला. रंध्यांना क्रमांक मिळाले. चार नंबरचा सुमारे नऊ इंची रंधा गुळगुळीत करण्यासाठी, पाच नंबरचा चौदा इंची साध्या सर्व कामांसाठी, सात नंबरचा बावीस इंची लांब कडा जुळविण्यासाठी. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन यांनी १९३१ पासून याच घडणीचे ‘रेकॉर्ड’ रंधे काढले. पुढे भारतातही याच नमुन्याचे रंधे ओतले जाऊ लागले. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय उभ्या राहिल्या, तेव्हा मुलांच्या हाती हाच लोखंडी रंधा आला.

या शोधाचे उपकार मोठे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण लाभाबरोबर एक हानीही झाली आणि ती कोणी जमाखर्चात मांडली नाही. ओतीव लोखंडाला सुतार आपल्या पटाशीने कोरू शकत नाही. मागली मूठ लाकडाचीच राहिली, पण ती हजारोंच्या संख्येने एकाच साच्यावर निघू लागली. कारखान्याने एक मधला हात गृहीत धरला. ज्याचा हात त्या मापाचा तो कुशल ठरला. ज्याचा नव्हता तो धसमुसळा ठरला. आमच्या तरुणावर बसलेला शिक्का हा अशा रीतीने दीडशे वर्षांचा जुना होता.

याच कारणाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काही कारागीर मागे वळून पाहू लागले. सायबेरियात १९२० मध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत शिक्षक म्हणून गाजलेला जेम्स क्रेनोव्ह आपल्या विद्यार्थ्यांकडून लाकडी रंधे करून घेई. रंधा आपल्या हाताला सुखाचा वाटेपर्यंत तासत राहावा, अशी त्याची शिकवण होती. कारखान्यांनाही हे उशिरा का होईना उमजले. २०१४ मध्ये कॅनडाच्या व्हेरिटास या रंधेकारांनी असे रंधे बाजारात आणले की गिऱ्हाइकाने देह निवडावा आणि मूठ लहान, मध्यम की मोठी हे आपल्या हाताप्रमाणे वेगळे निवडावे. रोमन सुताराच्या खाचेपर्यंत पोहोचावयास कारखान्याला इतकी वर्षे लागली.

परदेशी बनावटीचा असा रंधा वळसंगच्या मेटाला परवडणारा नाही. तेव्हा मोठ्या हाताच्या माणसाने साध्या बाजारात रंधा कसा निवडावा, हे अण्णांनी मला आणि त्या मुलाला एका दुपारी समजावून दिले. आपल्या घरांत सुतारकाम करणारे तरुण आहेत, म्हणून ते येथे देतो.

पहिली गोष्ट अशी की हात मोठा म्हणून रंधा मोठा घेऊ नये. रंध्याची लांबी काम ठरवते, मूठ हात ठरवतो. लांब रंधा खळग्यांवरून सरळ निघून जातो आणि फक्त उंचवटे कापतो, म्हणून तो फळी सपाट करतो. आखूड रंधा खळग्यात उतरतो, म्हणून तो शेवटच्या गुळगुळीत कामाचा. हा हिशेब हाताच्या आकाराने बदलत नाही.

दुसरी गोष्ट धरण्याची. लोखंडी रंध्याची मूठ चार बोटांसाठी केलेलीच नाही. मधले बोट, अनामिका आणि करंगळी या तिघांनी मूठ धरावी. तर्जनी पात्याच्या कडेने पुढे सरळ रोखावी. आमचा तरुण चारही बोटे त्या मुठीत कोंबीत होता आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. अर्धे दुखणे तेथेच सरले. एरवीही मूठ आवळावयाची नसते. रंधा पुढे जातो तो तळहाताच्या टाचेने दिलेल्या रेट्याने.

तिसरी गोष्ट दुकानातील परीक्षेची. तीन बोटांनी मूठ धरल्यावर करंगळी मुठीच्या बुडाशी लोखंडावर दाबली जाता कामा नये. मुठीच्या माथ्यावरील चोच अंगठ्याच्या बेचक्यात रुतता कामा नये. बोटांचे सांधे पुढच्या चक्रावर किंवा पात्याच्या पोलादावर आपटता कामा नयेत. मूठ फार बारीक असेल तर बोटांची टोके तळहातात घुसतात आणि मोठा हात उगाच आवळला जाऊन लवकर थकतो. साडेचार किंवा साडेपाच नंबरचा रंधा अंगाने रुंद असतो, त्यावर मोठा हात मोकळा वाटतो. पण तो वजनदारही असतो, म्हणून दुकानदाराची परवानगी काढून लाकडावर वीस वेळा मारून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. हात चोळून पाहिल्याखेरीज घेतलेला रंधा खुंटीलाच टांगला जातो.

चौथी गोष्ट धारेची. बोथट पाते रेटण्यासाठी माणूस मूठ आवळतो आणि फोडाचे खापर मुठीवर फोडतो. मूठ बदलण्याआधी पात्याला धार लावून पाहावी.

आणि पाचवी गोष्ट, जी अण्णांच्या मते सर्वांत सोपी. देह लोखंडाचा असला तरी मूठ लाकडाची आहे, आणि आपण सुतार आहोत. मूठ एका लांब बोल्टने देहाला आवळलेली असते. बोल्ट सोडला की ती हातात येते. चोच रुतत असेल तर कानशीने गोल करावी. मूठच लहान असेल तर नवी करावी. मात्र लाकडाच्या रेषा रंध्याच्या तळाला समांतर ठेवाव्यात, उभ्या ठेवल्या तर मूठ मधोमध मोडते. मूठ उंच केली तर बोल्टही तेवढाच लांब घ्यावा लागतो.

त्याच दुपारी अण्णांनी मोडक्या बैलगाडीच्या चाकाच्या घेरातला बाभळीचा एक जुना तुकडा शोधून काढला. मुलाचा हात कागदावर ठेवून बोटांच्या कडेने पेन्सिल फिरविली. मूठ करावयाचे काम मात्र त्यांनी स्वतः केले नाही. "तुझा हात तुलाच ठाऊक," एवढेच म्हणून ते आपल्या कामाला लागले. पहिली मूठ बिघडली. दुसरी जरा जाड झाली. तिसरी बसली.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण हे शिकलो नव्हतो. सोसण्याचे मोल फार मोठे आहे, यात शंका नाही. परंतु जे दुःख एका कानशीने दूर होते, ते सोसावयास सांगणे हा उपदेश नव्हे, आळस आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून ख्रिस्तसभेला दिला. त्या सणाला मी पुष्कळ प्रवचने केली आहेत. श्रम पवित्र आहेत, असे त्या प्रवचनांत मी नेहमी म्हणालो. श्रम करणाऱ्याच्या हातातील मूठ त्याला बसते की नाही, हे विचारावयास मात्र विसरलो.

वाचकांची उत्सुकता अपुरी ठेवणे बरे नव्हे. त्या तरुणाने शिफारसपत्र माझ्याकडून नेले. मी ते शब्दाप्रमाणे लिहून दिले, कारण निर्णय त्याचा होता. प्लायवुडच्या आणि विजेवर चालणाऱ्या रंध्यांच्या या काळात हातरंध्यावर घर चालविणे सोपे नाही, हे मी जाणतो आणि तोही जाणतो. तो पुण्याला गेला नाही. पत्र त्याने फाडलेही नाही. मेटावरील हत्यारांच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला ते खोचून ठेवलेले मी पाहिले आहे. धंदा चालला नाही तर ते कामास येईल. त्याच पेटीत बाभळीच्या मुठीचा रंधा असतो. त्याने केलेली बाके आमच्या प्रार्थनागृहात आहेत, आणि मिस्सेच्या वेळी म्हाताऱ्या बायका त्यांच्या कडेवरून हात फिरवीत बसतात, ते मी वेदीवरून पाहतो.